पट्टी कोणाच्या नावाची?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत): मी नाशिकच्या एका कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात, वडील कांदा करतात. लासलगावचा कांदा बाजार आणि निर्यातीचं धोरण या विषयावर माझा लघुप्रबंध आहे, मराठीत. वीस दिवसांनी जमा करायचाय. कॉलेजात सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढला तर ३४ टक्के साम्य आलं. गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, 'दहाच्या आत आण.' मैत्रीण सांगते की एक झेरॉक्सवाला दोन हजारांत पर्सेंटेज कमी करून देतो. मी चोरी केलेली नाही. नेटवरून घेतलं, पण वाक्यं बदलली. तिसरं प्रकरण तर एका इंग्रजी पेपरवरून रात्र रात्र जागून मी स्वतः मराठीत आणलं. रिपोर्टात ते एकदम स्वच्छ आलंय, म्हणजे ते बरोबरच ना? आणि ओळीओळीला संदर्भ दिले तर परीक्षक विचारतील, यात तुझं काय? खरं सांगू, तो प्रश्न मलाही पडतो. घरी काही बोललेले नाही. काय करू?

प्रिय मुली,

तुझ्या मूळ पत्रात ३४ हा आकडा सहा वेळा आलाय. पण त्या ३४ मध्ये काय काय आहे, याबद्दल एक ओळ नाही. म्हणून आधी विचारते, रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत पाहिलास, की पहिल्या पानावरचा आकडा बघूनच पोटात गोळा आला?

आज बस आणि रिपोर्ट सावकाश उलगड. ते सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही, सारखी शब्दमाळ दुसरीकडे कुठे दिसते का एवढंच बघतं. तू १९६३ च्या बाजार समिती कायद्याचं कलम जसंच्या तसं दिलं असशील तर ते रिपोर्टात लाल रंगाने रंगेल, कारण कलम सगळीकडे सारखंच असतं. संदर्भसूची रंगेल. कॉलेजच्या प्रमाणपत्राचं पानही रंगेल, कारण गेल्या वर्षीच्या मुलांनी तेच पान लावलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची याबद्दलची नियमावली २०१८ ची आहे. श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, ठरलेल्या संज्ञा आणि सूत्रं हे सगळं मोजणीतून वगळायचं असं तिच्यात म्हटलंय. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे. तुझा रिपोर्ट हे सगळं वगळून काढलाय का, ते ग्रंथपालांना विचार. पुष्कळदा काढणाऱ्याने वगळण्याची ती खूण केलेलीच नसते.

हे वगळल्यावर उरेल तो खरा आकडा. तो दहाच्या वर असला तरी आभाळ कोसळत नाही. त्याच नियमावलीत १० ते ४० टक्क्यांच्या टप्प्याला शिक्षा आहे ती सुधारून पुन्हा जमा करण्याची, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत मुदत. चाळीसच्या पुढे वर्षभर थांबावं लागतं आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. तू तर अजून जमाही केलेलं नाहीस. ही तालमीतली चूक आहे, आणि तालीम त्यासाठीच असते.

आता तुझं ते 'स्वच्छ' तिसरं प्रकरण. मला जास्त काळजी त्याचीच आहे.

इंग्रजी परिच्छेद तू मराठीत आणलास. शब्द सगळे नवे झाले, म्हणून यंत्राला काही दिसलं नाही. पण मुद्दा कोणाचा? मुद्द्यांचा क्रम कोणाचा? कोणत्या वर्षांची तुलना करायची, हे कोणी ठरवलं? नियमावलीतली व्याख्या दुसऱ्याच्या कामाबरोबर दुसऱ्याच्या कल्पनेलाही लागू आहे. भाषांतराला मेहनत लागते, हे मला कोणी सांगायला नको. मी स्वतः पोटासाठी भाषांतरं केली आहेत. पण भाषांतरकाराने मूळ लेखकाचं नाव खोडून स्वतःचं टाकलं तर आपण काय म्हणू? तुझी मेहनत खरी आहे, म्हणूनच तुला ती चोरी वाटत नाही. रात्र जागून केलेलं काम आपलंच वाटतं. (परीक्षेत कॉपी करणारी मुलंही रात्र जागून चिठ्ठ्या लिहायची. अक्षर काय सुंदर असायचं.)

थोडक्यात, कायद्याचं निरुपद्रवी कलम लाल झालंय आणि दुसऱ्याचं अख्खं प्रकरण पांढरं राहिलंय. अशा आकड्यावर विसंबून कुठलं पान राहू द्यायचं आणि कुठलं बदलायचं, हे ठरवू नकोस.

झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नकोस, हे मी सांगणार हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून नीतीचं प्रवचन टाळते. तो नेमकं काय करतो तेवढं सांगते. तुझी फाईल शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. 'बाजारभाव'चं 'मंडई मूल्य' होतं, 'उन्हाळ कांदा'चा 'ग्रीष्म कांदा'. निफाडची मुलगी 'ग्रीष्म कांदा' लिहिते, हे वाचून परीक्षक काय समजायचं ते समजतात. हे प्रकार मोठमोठ्या शोधनिबंधांतही झालेत. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे निबंध उघडे पाडले. त्यांत 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल' छापलेलं होतं, म्हणजे छातीवरचं संकट! दुसरं म्हणजे तुझी फाईल त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहते. पुढच्या वर्षी ती कोणाच्या नावाने कुठल्या कॉलेजात जाईल, यावर तुझा काही ताबा नाही. फुकट टक्केवारी काढून देणाऱ्या अनोळखी साइटवर फाईल चढवतानाही हीच धास्ती बाळग.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. सगळ्याला संदर्भ दिले तर माझं काय उरलं?

तुझ्या घरचंच उदाहरण घेऊ. एका पिकअपमध्ये तुमचा आणि शेजाऱ्याचा माल भरून लासलगावला जातो, असं होतं ना? गाडी एक, डिझेल वाटून घेतलेलं. पण उतरताना वक्कल (मालाचा ढीग) वेगळं, लिलाव वेगळा आणि विक्रीची हिशोबपट्टी ज्याची त्याच्या नावाची. शेजाऱ्याची पट्टी वेगळी फाडली म्हणून तुझ्या वडिलांचा कांदा कमी होत नाही. पट्ट्या दोन आहेत म्हणूनच त्यांचा माल किती हे कळतं. सगळं एकाच नावावर घातलं असतं तर गावात पहिला प्रश्न आला असता: तुझ्याकडे एवढा कांदा पिकला कुठून?

परीक्षकही तोच प्रश्न विचारतात. पंधरा पानं बिनसंदर्भाची आणि एकदम गुळगुळीत मराठीतली दिसली की ते त्या पानांवर तर विश्वास ठेवत नाहीतच, तुझ्या खऱ्या निरीक्षणांवरचाही उडतो.

आणि तुझं काय उरलं, ते करूनच बघू. समजा एका निबंधात असं वाक्य आहे (वाक्य मी रचलंय, कुठे शोधू नकोस): 'निर्यातबंदीच्या घोषणेनंतर बाजार समित्यांमधील आवक घटली नाही, परंतु दरात तीव्र घसरण झाली, कारण साठवणक्षमता नसलेल्या लहान शेतकऱ्यांना विक्रीवाचून पर्याय नव्हता.'

तू ज्याला 'वाक्य बदलणं' म्हणतेस, ते साधारण असं होतं: 'निर्यातबंदी जाहीर झाल्यावर मार्केट कमिट्यांतली आवक कमी झाली नाही, मात्र भाव खूप पडले, कारण साठवायची सोय नसलेल्या छोट्या शेतकऱ्यांकडे विकण्याशिवाय मार्ग नव्हता.' शब्दाला शब्द बदलला, सांगाडा तोच. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी! खाली संदर्भ दिलास तरी हे वाईटच आहे, कारण वाचणाऱ्याला वाटेल की निदान मांडणी तरी तुझी आहे.

आता निबंध बंद कर. पाणी पिऊन ये. समोर न ठेवता, धाकट्या भावाला सांगतेयस असं समजून लिही: 'निर्यातबंदीनंतर भाव कोसळूनही आवक टिकून राहिली, याचं मूळ अमुक अभ्यासक छोट्या शेतकऱ्याच्या साठवणुकीच्या अडचणीत शोधतात', आणि इथेच कंसात आडनाव, साल, पान. मग पुढचं वाक्य: 'मात्र ही बंदी ८ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसांत बाजारात येतो तो मुख्यतः लाल कांदा, आणि तो साठवणुकीची चाळ असली तरी टिकत नाही.'

हे पुढचं वाक्य तुझं. नेटवरच्या कुठल्या परिच्छेदातून नव्हे, चाळीत सडलेला कांदा निवडताना आलेला वास तुला ठाऊक आहे म्हणून ते सुचू शकतं. त्या अभ्यासकाला तू चक्क अडवलंस. पण आधी त्याचं नाव घेतलंस म्हणून अडवता आलं. नाव खोडून त्याचं म्हणणं आपलंच म्हणून मांडलं असतंस तर आता स्वतःशीच कशी भांडली असतीस?

नियमावलीही याच अंगाने जाते. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य नकोच, हे मूळचं तुझंच हवं, असं ती म्हणते. म्हणजे दुसऱ्यांचं काय म्हणणं आहे या प्रकरणात दर दोन ओळींना कंस दिसले तरी चालतील, पण निष्कर्षात उसनं चालायचं नाही. तुझ्या ३४ मधला किती भाग शेवटच्या प्रकरणात आहे, ते आधी बघ.

आता थोडं माझं सांगते. आमच्या वेळी सॉफ्टवेअर नव्हतं, पण शिंप्यासारखे परीक्षक होते. जोड कुठे आहे ते बोटाने चाचपून काढायचे. माझ्या एम.फिल.च्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले गृहस्थ एक परिच्छेद मोठ्याने वाचून म्हणाले, 'बाई, सबंध प्रबंधात तुम्ही "तसंच" लिहिता. या एका परिच्छेदात "तद्वतच" दोनदा आलंय. हा कोणाचा?' मला खरोखर आठवेना. ग्रंथालयात बसून कार्डावर उतरवून घेतलेला तो मजकूर होता. अवतरणचिन्ह नाही, पान नाही. वर्षभराने तेच कार्ड हातात आलं, अक्षर माझं, म्हणून मजकूरही माझाच वाटला. गृहस्थ भले होते, दुरुस्त करून आणायला सांगितलं. पण परत येताना एस.टी.त मी कोणाशी बोलले नाही.

म्हणून पुढच्या लिखाणासाठी सांगते, हे टिपणाच्या वहीतच सुटतं. (अशाच आशयाची आणखी तीन पत्रं समोर आहेत, एक बी.एड.चं, दोन इंजिनिअरिंगची. त्यांनाही हे लागू.) वही उघडी ठेवली की डावं पान त्यांचं: जसंच्या तसं, अवतरणचिन्हात, लेखक आणि पान नंबरासकट. उजवं पान तुझं: मला काय कळलं, काय पटलं नाही. लिहायला बसशील तेव्हा शक्यतो उजव्या पानावरूनच लिही. फोनवरून कॉपी-पेस्ट करत असशील तर उसना मजकूर लगेच वेगळ्या रंगात टाक आणि लिंकबरोबर त्या दिवसाची तारीखही. बाजारभावाच्या सरकारी साइटवरचे आकडे मागाहून दुरुस्त होतात, म्हणून कोणत्या तारखेला पाहिले ते लिहावंच लागतं.

कशाला संदर्भ द्यायचा आणि कशाला नाही, यात मुलं फार अडकतात. लाल, रांगडा आणि उन्हाळ असे कांद्याचे तीन हंगाम, हे तुमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याला संदर्भ लागत नाही. निर्यातबंदी कधी लागली आणि २०२४ च्या मे महिन्यात उठली, याला सरकारी अधिसूचनेचा हवाला दिलास तर चांगलं. पण बंदीमुळे भाव इतके टक्के पडले, असं म्हणालीस तर तो हिशोब कोणीतरी मांडलेला असतो. त्या माणसाचं नाव चुकवता येत नाही. शंका आली तर दे. एक संदर्भ जास्त झाला म्हणून कोणी नापास केल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुझ्या प्रस्तावनेचा नमुना पाठवलायस, त्यात निफाडच्या भूगोलावर एक परिच्छेद आहे आणि खाली १८८३ च्या नाशिक गॅझेटियरचा (इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचा) दाखला. ते गॅझेटियर तू उघडलंस का? मला वाटतं नाही, कारण परिच्छेदाची भाषा एखाद्या पर्यटनाच्या पानाची आहे. कोणीतरी गॅझेटियरमधून घेतलं, त्यावरून तू घेतलंस, आणि मधल्याला गाळून थेट साहेबाचं नाव टाकलंस. मधल्याने चूक केली असेल तर ती आता तुझी झाली. मूळ बघ. गॅझेटियरचं ते जुनं साहित्य घरबसल्या वाचता येतं. आणि अशा जुन्या पुस्तकांसाठी आपल्या नाशिकला १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे जाऊन कपाटं बघायची सवय लावून घे. मूळ मिळालंच नाही तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं सरळ लिही, त्यात काही कमीपणा नाही. कोणी म्हणेल, एवढं जुनं पुस्तक, त्याचा कॉपीराइट कधीच संपला. संपला, म्हणून ते छापायला परवानगी लागत नाही. पण ते कोणी लिहिलं, हे काही त्याबरोबर संपत नाही.

चॅटबॉटबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्राचा ताजा कलम वाचून शंका आली. त्याला संदर्भ विचारू नकोस. तो नाव, साल, नियतकालिक, पान, सगळं झोकात देतो आणि कधी कधी तो लेख अस्तित्वातच नसतो. जो संदर्भ तू स्वतः उघडून पाहिला नाहीस, तो सूचीत नको. भाषा सुधारायला त्याची मदत घेतली असशील तर तुमच्या कॉलेजात ते चालतं का हे आधी विचार, आणि चालत असेल तर तसं नमूद कर.

वीस दिवसांचं काय? आधी तिसरं प्रकरण. त्याला दहा दिवस लागतील असं धर. तो इंग्रजी पेपर बाजूला ठेवून आणखी दोन-तीन अभ्यास वाच आणि कोण काय म्हणतं, कुठे एकमेकांना छेदतं, हे आपल्या क्रमाने लाव. ज्या व्याख्या शब्दशः हव्याच आहेत त्या अवतरणात, अगदी मोजक्या. मग निष्कर्ष. लाल झालेले बाकीचे तुकडे शेवटी, ते दोन दिवसांचं काम आहे. गेल्या वर्षी सेमिनारला दिलेली तुझीच पानं यात असतील तर तसं तळटीपेत सांग, तेवढं पुरे. आणि वेळ पुरत नसेल तर मुदत माग. फार तर एका सत्राचा उशीर होईल.

गाईड मॅडमना मात्र उद्याच भेट. 'दहाच्या आत आण' म्हणाल्या म्हणून रागावू नकोस, त्यांच्याकडे एका वेळी किती मुलं असतात याची तुला कल्पना नसेल. पण टक्क्यांबद्दल बोलू नकोस. सरळ म्हण, 'मॅडम, तिसरं प्रकरण मी एका पेपरवरून जवळजवळ भाषांतर केलंय. रिपोर्टात आलं नाही, पण ते बरोबर नाही असं वाटतं. मी ते नव्याने लिहू इच्छिते.' हे म्हणताना जीभ अडखळेल. त्या चिडतीलही. पण ज्या मुलीने पांढऱ्या पानाची चूक आपणहून सांगितली, तिची लाल पानं बघायला गाईड वेळ काढतात, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवलंय.

राहिलं घर. वडिलांना टक्के-रिपोर्ट काही सांगू नकोस, त्यांना त्यातून फक्त 'पोरगी अडकली' एवढंच कळेल. त्यांच्याकडे हिशोबपट्ट्या माग. कांदेवाल्याच्या घरात त्या कुठे ना कुठे असतातच, देव्हाऱ्यामागे नाहीतर पत्र्याच्या पेटीत रबर लावून. तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडलेली रक्कम. बंदी लागायच्या आधीच्या आठवड्यातली आणि नंतरच्या आठवड्यातली पट्टी शेजारी शेजारी ठेव. हे दुसऱ्या कोणाच्या पेपरात नाही. संदर्भ देताना 'कौटुंबिक हिशोबपट्ट्या, अप्रकाशित' असं लिही आणि वर्षं घाल. भावकीतल्या आणखी पाच-सहा जणांनी दिल्या तर त्यांची परवानगी घे, नावं न देता 'शेतकरी १', 'शेतकरी २' असं कर.

आणि मिळाल्या मिळाल्या त्यांचे फोटो काढून ठेव. छापील पट्ट्यांवरची शाई उन्हाने आणि घामाने भराभर उडते. आधी आकडे जातात, नाव मात्र बराच काळ वाचता येतं.